उसन्या गोळ्या

मॅडम, तुमच्या खुर्चीत आता एक तरुण डॉक्टर बसतात. माणूस वाईट नाही. दोन दवाखाने त्यांच्या गळ्यात बांधलेत. आठवड्यातले काही दिवस आपल्याकडे, उरलेले औरादच्या बाजूला. येतात, बॅग ठेवतात, घड्याळ बघतात आणि तपासायला लागतात. तुम्हाला लागायचा त्याच्या निम्म्या वेळात दवाखान्याचा ओटा रिकामा होतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कामून तोंड पाडून बसलाव अण्णा, लवकर घरला जायला मिळायलंय की!" मिळतंय खरं. पण अंगात त्राण राहिलेलं नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. मातीला मी आलो नाही. गुलबर्ग्याहून, तुमच्या घरून, निरोप आला तो सोमवारी सकाळी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, आणि तोवर ओट्यावर माणसं बसलेली होती. बाकी सगळे जीप करून निघाले. औषधाची खिडकी कुणीतरी उघडी ठेवायला पाहिजे होती. खिडकी बंद दिसली की बाजाराला आलेलं माणूस माघारी जातं आणि मग पुन्हा फिरकत नाही, हे तुम्हीच आमच्या डोक्यात भरवलेलं. तेव्हा दिवसभर मी गोळ्या देत राहिलो. खिडकीशी आलेला जो तो विचारायचा, "मॅडम कुठायत?" आणि मी ज्याला त्याला सांगत होतो. त्या दिवशी मला रडू आलं नाही. आता येतं, आणि त्यात राग मिसळलेला असतो. तुमच्यावरचा राग, मॅडम. तो नीट सांगता यावा म्हणून लिहायला बसलोय.

तुम्ही आलात तेव्हा गावात एकच एसटीडी बूथ होता आणि तरणी पोरं नुकतीच पुण्याला, हैदराबादला कामाला जायला लागली होती. मी तेव्हाही इथला औषधनिर्माता होतो; गावाच्या तोंडी कंपौंडर अण्णा. तुमची घरची बोली कानडी. मराठी तुम्ही पेशंटांकडूनच शिकलात, त्यामुळे पुस्तकातली मराठी तुम्हाला कधी आलीच नाही. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला तुम्ही "कामून आलाव अप्पा, काय व्हायलंय?" असं विचारलंत आणि अख्खा ओटा तुमच्याकडे वळून बघायला लागला. भालकीच्या मोठ्या दवाखान्यातही डॉक्टर असं बोलत नाहीत, असं तो म्हातारा बाजारभर सांगत हिंडला.

तुमचे दोन प्रश्न ठरलेले होते. खोकला असो, खरूज असो, विंचू चावलेला असो, सगळं तपासून झालं की विचारायचात, "झोप येती का? जेवण गोड लागतंय का?" मला वैताग यायचा. रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि तुम्ही कफाच्या माणसाला झोपेचं विचारताय. मी एकदा म्हणालोसुद्धा, "मॅडम, ह्याच्या छातीत कफ आहे, झोपेचं कुठं काढलंत?" तुम्ही म्हणालात, "कफ दिसायलाय, अण्णा. बाकीचं दिसंना म्हणून इचारायलेय." आणि खरंच, त्या दोन प्रश्नांवर माणसं थबकायची. कुणाला छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, कुणाचं डोकं जड, कुणाचा जीव कशातच लागत नाही. ही माणसं वर्षानुवर्षं सुई टोचून घेऊन जात होती, आणि मीच त्यांना लाल टॉनिकची बाटली देत होतो.

मग मनाच्या आजारांसाठी सरकारची एक योजना आली. तुम्ही बंगळूरला जाऊन शिकून आलात आणि मागोमाग जिल्ह्याहून पत्र्याचा एक बोर्ड आला. मानसिक रुग्णांसाठी वेगळी खोली करा, वेगळा वार ठेवा, तिथे हा बोर्ड लावा. तुम्ही मुकाट्याने लावलात. लसीच्या खोलीतला पसारा काढून टेबल मांडलं, बुधवार ठरवला. पहिल्या बुधवारी एकच पेशंट आला, आणि त्याला मूळव्याध होती. दुसऱ्या बुधवारी समोरच्या हॉटेलातली माणसं चहा पीत बसली, कोण आत जातंय ते बघायला. तिसऱ्या बुधवारपर्यंत गावाने त्या खोलीला येड्याची खोली असं नाव ठेवून टाकलं होतं. मी म्हणालो, "चार माणसांत बोलायला लाजतात म्हणून तर खोली दिलीय ना?" तुम्ही म्हणालात, "खोलीच्या दारातनं जाताना दिसतंय की माणूस. बाजाराच्या रांगंत कोण कशापायी बसलंय, कुणाला कळतंय?" त्या दिवसापासून खोली पुन्हा लसीची झाली, बोर्ड पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेला, आणि सगळे सोमवारच्या एकाच रांगेत बसायला लागले. तापाचे, पोटाचे, मनाचे. दर्ग्यावर जाणाऱ्यांना तुम्ही अडवलं नाहीत, देवऋषाकडे जाणाऱ्यांनाही नाही. "जाऊन ये. येताना गोळी घेऊन जा," एवढंच. वरून विचारणा झाली तेव्हा उत्तर तुम्ही दिलंत, आणि बोलणी माझ्यासमोरच फोनवर खाल्लीत. फोन ठेवल्यावर म्हणालात, "च्या सांगा, अण्णा."

नागाबाई त्याच रांगेतली. आमच्या मागच्या गल्लीत राहणारी, खटकचिंचोळीकडची लेक. घरची पूर्वीची मेंढरं; आता नवरा आणि दीर उरलीसुरली घेऊन पावसाळा सरला की रानोमाळ जायचे, ती मागे रोजगाराला. मनाने पार खचलेली बाई तुम्ही उभी केलीत, रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायला लावून. बाया तिला झोपेची गोळी म्हणत. झोपेची ती नव्हती, पण तिने झोप लागायची हे खरं. आणि आठवड्याची पुडी चौथ्या दिवशी संपली म्हणून नागाबाई खिडकीशी आली, तेव्हा मी तिला फैलावर घेतलं.

"चार दिसांत संपल्या? खाल्ल्यास का पेरल्यास?"

"शेजारनीला दिल्या की, अण्णा. तिला बी झोप यीना झाली. तिच्या जावंला बी."

"गोळी काय वाटायची वस्तू आहे?"

"आता दारात येऊन इरजण मागितलं तर न्हाई म्हणतो का आपुन?"

आतून तुमचं हसणं ऐकू आलं. हसत हसतच बाहेर आलात, आणि नागाबाईला जवळ बसवून विचारलंत, कुणाकुणाला दिल्या, त्यांना काय होतं, त्या कशा दिसतात. मला वाटलं होतं, तुम्ही तिला झापणार. तुम्ही म्हणालात, "त्या बायांनला घेऊन ये, सोमवारी. ज्यांनी उसनी मागितली त्यांनलाच बघायचंय मला." तीन आल्या. एकीला काहीच नव्हतं, फुकटची गोळी कशी असते ते बघायचं होतं तिला. दुसरीच्या अंगात रक्तच नव्हतं. तिसरी बोलायला लागली आणि तुम्ही रांग थांबवलीत. ती बाई आपल्या पायांनी दवाखान्यात कधीच आली नसती. शेजारणीकडे मात्र ती वाटी घेऊन गेली होती.

ही तुमची रीत होऊन बसली. गोळी लवकर संपली की रागवायचं नाही, कुणाला दिली ते विचारायचं. मला हे पटत नव्हतं आणि मी तोंडावर सांगायचो. मग चिंताकी गावच्या एका सुनेचं झालं. तिला फिट्सची गोळी चालू होती. सासूने त्यातल्या काही आपल्या बहिणीला दिल्या, बहिणीला झोप येत नाही म्हणून. सुनेच्या गोळ्या मधेच संपल्या आणि ती ऐन चुलीपुढे कोसळली. पंजा भाजला, जीव वाचला. तिची पट्टी तुम्ही दुसऱ्या कुणाला बांधू दिली नाहीत. त्यानंतर तुम्ही खिडकीशी स्वतः उभं राहून एकेकाला सांगायला लागलात, "गोळी कुणाला द्यायची न्हाई. माणसाला घेऊन यायचं." पेशंटांना ते पाठ झालं. मला वाटलं, चला, एवढा एक वाद तरी मिटला.

मिटला कुठे. पुढे काही वर्षांनी नागाबाईच्या एका गोळीच्या दोन झाल्या आणि दोनावरच राहिल्या. बाई ठणठणीत. हसते, भांडते, बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करते. बाकीच्यांच्या गोळ्या तुम्ही जमेल तशा उतरवत न्यायचात, आणि हिच्या मात्र हलवत नव्हतात. दुपारी रांग संपली, चहा आला की मी विषय काढायचो.

"मॅडम, नागाबाईच्या दोनाची एक करायला काय हरकत आहे?"

"थांबा जरा, अण्णा."

"किती थांबायचं? वरून माल कमी येतोय."

तुम्ही बाहेर बघायचात. मला वाटायचं, बाईवर तुमचा जीव जडलाय आणि म्हणून डोळेझाक चाललीय. एकदा मी जरा मोठ्यानेच बोललो. म्हणालो, "ती पुन्हा उसन्या देत असणार, लिहून घ्या." तुम्ही कप खाली ठेवलात. म्हणालात, "देत असंल तर घेणारीला गरज असंल."

मॅडम, मला ते फार लागलं. ज्या नियमासाठी आपण इतका घसा कोरडा केला, तो तुम्हीच असा उडवून लावावा? दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. शनिवारी तुम्ही नेहमीसारख्या गुलबर्ग्याच्या बसला निघालात, पायरीवरून मागे वळून म्हणालात, "अण्णा, त्या इषयावर एकदा बसून बोलू. सवडीनं." मी नुसती मान हलवली. सोमवारी तुम्ही यायला हव्या होतात, आणि आला तो निरोप.

नवे डॉक्टर आले. नागाबाईला त्यांनी विचारलं, "बरी आहेस?" ती म्हणाली, "बरी हाय." त्यांनी दोनाची एक केली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे सांगत होतो ते एका मिनिटात झालं. पण जिंकलो हे सांगायचं कुणाला? खुर्चीत तुम्ही नव्हता. डॉक्टरांनी मला आणखी एक सांगितलं: मनाचे नवे पेशंट आता इथे घ्यायचे नाहीत, बिदरला पाठवायचे.

घरात सुनंदा गप्प झाली होती. माझी बायको तुमच्या जवळची, हे सगळ्या गावाला ठाऊक. गुरुवारी दुपारी ती तुमच्या क्वार्टरवर यायची; कधी शेंगाची चटणी, कधी उन्हाळ्यातले पापड. बायकांच्या गप्पा, म्हणून मी कधी चौकशी केली नाही. तुम्ही गेल्यावर ती जेवेना. तव्यावर भाकरी टाकून विसरायची. पहाटे बघावं तर अंगणात बसलेली, घामाने भिजलेली. मला वाटलं, हा तुमचाच शोक आहे. म्हणालो, "मॅडम माझ्याही होत्या. दोन घास खा." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर गेलो.

पुढच्या सोमवारी नागाबाई खिडकीशी आली. डोळे खोल गेलेले.

"अण्णा, दोन द्या."

"डॉक्टरांनी एक लिहिलीय."

"एक माझी. दुसरी माझी न्हाई."

माझं डोकं भडकलं. "म्हणजे द्यायलीस तू! मॅडमनी काय सांगितलं होतं?"

"मॅडमनीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. मग पदर तोंडाशी धरून हळू आवाजात बोलली. "हे आठ दिस एकाच गोळीत दोघी भागवायलोय. एक दिस ती, एक दिस म्या. आता मला बी सोसना, तिला बी. कोण म्हनून मला इचारू नका. घरी इचारा."

रांग होती, ती आधी संपवली. दुपारी घरी गेलो तर सुनंदा सुपात जोंधळे पाखडत होती. चपला काढायच्या आधी विचारलं, "नागाबाईची गोळी तू खातेस?"

सूप थांबलं नाही. "व्हय."

"कधीपासून?"

"पिशवीचं ऑपरेशन झालं तवापासून." मग सूप थांबलं. "सगळे म्हणायचे, आता सुटलीस त्रासातनं. मला तर दिस उगवला की वाटायचं, कशाला उगवला. आडावर पाण्याला जायची तर आत बघत उभी ऱ्हायची. एक दिस नागाबाईनं बघितलं. हाताला धरून घरी आणलं, आन कनवटीची गोळी काढून दिली. दुसऱ्या दिशी मॅडमकडं घेऊन गेली, दवाखान्यात न्हाई, क्वार्टरवर."

"मला का नाही सांगितलंस?"

"खिडकीत तुमीच बसताव. आन आपल्या वैशालीचं उदगीरला जमायलं हुतं. आईला असली गोळी चालू हाय म्हणल्यावर कुणी केली असती का आपली पोरगी? मॅडमला म्या शपथ घातली. त्या लई येळा म्हणाल्या, अण्णाला सांग. म्याच न्हाई म्हणलं."

"लग्न झाल्यावर तरी सांगायचं."

"तवर न सांगायची सवय झाली हुती." तिने डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे बघून जे बोलली ते मी कुणाला सांगितलं नसतं. तुम्हाला सांगतो. "वाईट नका वाटून घिऊ. नागाबाईच्या पुडीत आल्या तरी गोळ्या तुमच्याच हातच्या हुत्या."

म्हणजे माझ्याच खिडकीतून, माझ्याच हाताने मोजलेल्या गोळ्या दुसरीच्या नावाने निघत होत्या, गल्ली ओलांडून माझ्याच घरी येत होत्या, आणि मी तुमच्याशी हुज्जत घालत होतो की त्या कमी करा. तुम्ही हो म्हणाला असतात तर? तुमच्यापुढे चहा पीत मी रोज काय मागत होतो, ते तुम्हाला कळत होतं. कसं सोसलंत हो ते?

मॅडम, तुम्ही चुकलात. माणूस गेल्यावर असं बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. गोळी नको, माणूस आणा, हा नियम तुमचा. माझ्या घरचं माणूस तेवढं तुम्ही मागल्या दाराने ठेवलंत. नागाबाई नवऱ्यामागे रानात गेली असती तर? सुनंदाला त्या गोळीने काही झालं असतं, रात्री-अपरात्री मी तिला दवाखान्यात नेलं असतं, तर तिला काय चालू आहे ते मला सांगता आलं असतं का? मी, औषधं देणारा माणूस! आणि तुम्ही कुणालाही न सांगता निघून गेलात, दोन बायांना एका गोळीवर ठेवून. शपथ मोडायची होती. मला एका बाजूला घेऊन सांगायचं होतं. मी रागावलो असतो, आरडाओरडा केला असता, आणि संध्याकाळपर्यंत गप्प झालो असतो. इतक्या वर्षांत एवढं तर ओळखलं होतंत मला.

पण माझी बायको जिवंत आहे. वैशालीच्या लग्नात ती हळदीच्या गाण्यांत सगळ्यांत पुढे होती. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बाई ऑपरेशनमधून छान उठली. तुम्ही तिथेच पंगतीला बसला होतात. माझ्याकडे बघून हसलात, आणि मी तुम्हाला आग्रहाने आणखी एक पोळी वाढली. तुमचे उपकार कसे फेडू, असं म्हणायची वेळ होती ती, आणि मला पत्ताच नव्हता. आता म्हणतो. रागही खरा आहे आणि हेही खरं आहे. दोन्ही एकदम सांभाळता सांभाळता माणूस दमतो.

मी सुनंदाला म्हणालो, बिदरला जाऊ, चांगले डॉक्टर आहेत. ती म्हणाली, "बिदरला गेलं की सगळं गाव इचारतंय, कामून गेली. आन दर बारीला कोण नेणार? नागाबाईला कोण नेणार?" मग मी नव्या डॉक्टरांशी बोललो. नाव न घेता बोललो, बाकी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण म्हणाले, "मला ह्या औषधांचा फारसा अनुभव नाही. उद्या कुणाला काही झालं तर माझ्यावर येईल." तुमच्यापुढे मी हेच बोलत आलो होतो.

सुनंदा म्हणाली, "सोमवारी मी येते. रांगंत बसते."

"कशाला? दुपारी त्यांना घरी चहाला बोलवू. बोलता बोलता दाखवू."

"नको. मागच्या दारानं झालं तेवढं पुरं. मॅडमला ते आवडत नव्हतं. त्यांनी माझ्यापायी केलं."

मॅडम, मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. केला, हे लपवत नाही. ओट्यावर कोण कोण असतं, सोमवारी अर्धा बाजार तिथे असतो, उदगीरचे पाहुणेही कधी कधी येतात. तिने लुगड्याची घडी मोडली, नेसली आणि म्हणाली, "तुमची खिडकी येळेवर उघडा."

ती आली. बाकावर बसली, एका बाजूला खोकणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला तान्ह्या लेकराची आई. मला खिडकीतून दिसत होतं. तिचा नंबर आला. डॉक्टरांना वाटलं, कंपौंडरची बायको म्हणजे गुडघा किंवा बीपी असणार. त्यांनी बीपीचा पट्टा हातात घेतला. तेव्हा ती बोलली, घरात बोलते तेवढ्याच आवाजात, पण ओट्यावर ऐकू गेलं. "मला गुडघ्याचं काई न्हाई. माझं मन उभं ऱ्हायना. मॅडम गोळी द्यायच्या, आता ती बंद झाली. मला ती पाहिजे. बिदरला मी जाणार न्हाई."

लेकराच्या आईने तिच्याकडे बघितलं. म्हातारा खोकायचा थांबला. डॉक्टरांनी पट्टा खाली ठेवला आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी काहीही खूण केली नाही. गोळ्यांची पट्टी हातात धरून नुसता उभा होतो. मग त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली. कधीपासून, आधी काय व्हायचं, गोळीने काय फरक पडला. तिने सगळं सांगितलं, आडाचंही. ते उठले, मोबाईल घेऊन बाहेर लिंबाखाली गेले, कारण आत रेंज मिळत नाही. रांग तिथल्या तिथे थांबली. ते बिदरच्या तज्ज्ञांशी कानडीत बोलत होते. प्रश्न विचारत होते, पुन्हा विचारत होते. आत आले आणि चिठ्ठी लिहिली, आठवड्याचीच, पुढच्या सोमवारी पुन्हा दाखवायला या म्हणून. नागाबाई तिच्यामागेच होती. तिचीही त्यांनी वेगळी लिहिली.

सुनंदा खिडकीशी आली. चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर तिचं स्वतःचं नाव होतं. मी गोळ्या मोजल्या, पुडी बांधली आणि सगळ्यांना सांगतो तसं सांगायला लागलो, "संध्याकाळी जेवल्यावर..."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

खिडकीच्या बाजूला परगावची एक बाई उभी होती, बाजाराची पिशवी घेतलेली. तिने सुनंदाकडे, मग माझ्याकडे, पुन्हा सुनंदाकडे बघितलं. म्हणाली, "अण्णा, ह्या तुमच्या घरच्याच न्हवं?" ओट्यावरची माणसं आमच्याकडे बघत होती. सुनंदाने मान खाली घातली नाही, पण पुडी मुठीत घट्ट धरली. ती माझ्याकडे बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "माझी बायको. तिला गोळी चालू हाय. पुढं कोण?"

मॅडम, माझा आवाज कापला. पण सगळ्यांना ऐकू गेला.